गोधडी

गोधडी म्हणजे वापरून मऊ झालेल्या जुन्या सुती कापडांचे थर एकमेकांवर अंथरून, ते हाताने धावदोरा घालून एकजीव केलेले अंथरूण किंवा पांघरूण होय. महाराष्ट्राच्या बहुतेक सर्व भागांत, तसेच गोव्यात आणि उत्तर कर्नाटकाच्या सीमाभागात ती आढळते. तिच्यासाठी नवे कापड सहसा विकत घेतले जात नाही. घरातली जीर्ण लुगडी, धोतरे, परकर, सदरे आणि चादरी हाच तिचा कच्चा माल असतो. गोधडी विरेपर्यंत वापरली जाते आणि विरली की तिचेच तुकडे पुढच्या गोधडीच्या पोटात जातात. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीची लुगडी अजून पेट्यांतून सापडतात, पण तितकी जुनी गोधडी क्वचितच पाहायला मिळते. शिवणारीचे नाव तर गोधडीवर कधीच नसते.

इंग्रजीतील ‘क्विल्ट’ या शब्दाला मराठीत गोधडी हा प्रतिशब्द सर्रास दिला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत व इंग्लंडात गाजलेल्या, वेड्यावाकड्या रेशमी तुकड्यांच्या ‘क्रेझी क्विल्ट’लाही हौशी लेखनात ‘वेडी गोधडी’ म्हटलेले आढळते. या दोन वस्तू शेजारी ठेवल्या तर बहिणी वाटतात, परंतु त्यांची बांधणी आणि त्यांच्यामागची गरज यांत मोठे अंतर आहे. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

नावे

गोधडी, गोदडी आणि वाकळ हे तीन शब्द मराठीत जवळजवळ समानार्थी आहेत. वाकळ हा शब्द कोल्हापूर, सातारा, सांगली या भागांत अधिक ऐकू येतो. हिंदीतील गुदडी आणि गुजरातीतील गोदडी ही याच शब्दाची भावंडे होत. चार पदरी गोधडीला चौघडी म्हणतात, आणि तान्ह्या मुलाला गुंडाळण्यासाठी केलेल्या लहान, पातळ गोधडीला दुपटे. संस्कृतात याच अर्थाचा कंथा हा शब्द आहे.

दुलई आणि रजई या गोधडीच्या जातीतल्या नव्हेत. त्यांच्या पोटात पिंजाऱ्याकडून पिंजून घेतलेला कापूस असतो आणि वरचे कापड नवे असते. गोधडीच्या पोटात मात्र कापडच असते. घोंगडी तर लोकरीची, विणलेली. बोलण्यात हे शब्द एकमेकांच्या जागी येतात, म्हणून हा खुलासा.

लुगड्याचे गणित

गोधडीचा आकार कोणी ठरवला, या प्रश्नाचे उत्तर नऊवारी लुगड्यात आहे. नऊ वार म्हणजे सुमारे ८.२ मीटर. लुगड्याच्या लांबीच्या चार घड्या घातल्या की एकेक घडी दोन मीटरांहून किंचित जास्त भरते, आणि लुगड्याचा पन्हा सव्वा मीटरच्या आसपास असतो. म्हणजे एक लुगडे चौपदरी अंथरले की एका माणसाचे अंथरूण कात्री न लावता तयार होते. चौघडी या नावामागचा हिशेब असा सरळ आहे. थंडी अधिक असेल तेथे पदर वाढतात. सहा-सात पदरांची वाकळ देशावर नवलाची नाही. त्याहून जाड केली तर सुई चालत नाही.

लुगडे सगळीकडून सारखे विरत नाही. काष्ट्याकडचा भाग आणि खालचा काठ आधी झिजतात. पदर आणि खांद्यावरचा भाग त्या मानाने टिकून राहतो. जाणत्या बायका लुगडे उजेडात धरून पाहतात. विरलेला भाग आतल्या पदरांत घालतात आणि धड भाग वर घेतात. इरकली लुगड्याचा लाल पदर किंवा खणाच्या चोळीचा तुकडा गोधडीच्या दर्शनी बाजूला दिसतो, त्यात शोभेबरोबर टिकाऊपणाचाही विचार असतो. गोधडीतील रंगसंगतीबद्दल अलीकडे बरेच कौतुकाने लिहिले जाते आणि ते योग्यही आहे, मात्र तिची सुरुवात या उजेडात धरून पाहण्यापासून होते, हे विसरले जाते.

शिवण्याची पद्धत

जुनी कापडे आधी उसवून, शिवणी व गुंड्या काढून, सोड्याच्या पाण्यात उकळून धुतली जातात. नव्या कापडाची खळ आणि जुन्या कापडाचा मळ असे दोन्ही गेल्याशिवाय सुई सहज शिरत नाही. मग सारवलेल्या अंगणात किंवा ओटीवर खालचा पदर पसरतात. चारी कोपऱ्यांवर पाट, वरवंटा असे काही जड ठेवून तो ताणून घेतात. त्यावर आतले पदर चुणी न पडता अंथरले जातात आणि शेवटी वरचा पदर येतो. सर्व थर जागचे हलू नयेत म्हणून लांब लांब कच्चे टाके घालतात. हे टाके काम संपल्यावर काढून टाकले जातात.

खरी शिवण काठापासून सुरू होते. चारी बाजूंनी कडा आत दुमडून किंवा वेगळ्या कापडाचा गोट लावून पहिली ओळ पूर्ण करतात. नंतर तिला समांतर दुसरी, तिसरी अशा ओळी आत आत जातात. अशा रीतीने चौकटीत चौकट तयार होत शिवण मध्यावर येऊन संपते. दुसऱ्या पद्धतीत ओळी एका काठाकडून समोरच्या काठाकडे सरळ जातात. पहिल्या पद्धतीत कापडाचा सैलपणा मध्याकडे ढकलला जातो, म्हणून जुन्या गोधडीचे मध्य किंचित फुगलेले आणि सुरकुतलेले दिसते. तो दोष मानला जात नाही.

टाका एकच असतो, धावदोरा. शिवणकामात मुलींना सर्वांत आधी शिकवला जाणारा आणि सर्वांत सोपा समजला जाणारा हा टाका आहे. मात्र पाच पदरांतून तो खाली-वर सारखा उतरवणे सोपे नाही. सुईवर एका वेळी तीन-चार टाके गोळा करून मग दोरा ओढतात, त्यामुळे हात भरभर चालतो. याचा ढोबळ हिशेब करून पाहण्यासारखा आहे. दोन मीटर लांब व १.२ मीटर रुंद गोधडीत ओळींमधले अंतर दीड सेंटिमीटर धरले, तर सर्व ओळींची मिळून लांबी सुमारे १६० मीटर होते. दर सेंटिमीटरला एक टाका धरला तरी टाक्यांची संख्या १६ हजारांवर जाते. ओळी याहून दाट असतील तर ही संख्या दुप्पटही होऊ शकते. घरातले सारे आवरल्यानंतरच्या दुपारी हे काम होत असे, हे लक्षात घेतले म्हणजे ‘फावल्या वेळातील कला’ हे तिचे वर्णन किती अपुरे आहे ते कळते.

दर्शनी बाजूस तुकडे जोडायचे असतील तर चौकोन, पट्ट्या, त्रिकोण किंवा शंकरपाळ्याच्या आकाराचे तुकडे कापून वरच्या पदरावर बसवतात. कडा आत दुमडून बारीक टाक्यांनी टाचतात. मुख्य धावदोरा त्यांवरूनच जातो. म्हणजे तुकडा बसवणारा आणि सर्व थर बांधणारा दोरा शेवटी एकच होतो. भोक पडल्यावर वरून लावलेले ठिगळही याच पद्धतीने शिवले जाते. त्यामुळे काही वर्षांनी मूळचा नक्षीचा तुकडा कोणता आणि नंतरचे ठिगळ कोणते, हे सांगता येत नाही.

रत्नागिरी परिसरातील गोधडी

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. येथे गोधडी देशावरच्या इतकी जाड करून चालत नाही. जाड गोधडी ओली झाली की आठ-आठ दिवस वाळत नाही आणि तिला कुबट वास येतो. म्हणून कोकणातली गोधडी साधारणपणे पातळ असते आणि थंडी वाटली तर एकावर एक दोन घेतात.

गोधड्यांचा हंगाम म्हणजे चैत्र-वैशाख. पावसाळ्यापूर्वीच्या बेगमीला कोकणात आगोट म्हणतात. लाकूडफाटा, सुकी मासळी, मीठ-मिरची, पापड-कुरडया यांच्या जोडीने अंथरुणे-पांघरुणे नीट करणे हेही आगोटीतलेच काम. वर्षभरातल्या गोधड्या पऱ्यावर किंवा विहिरीवर नेऊन बडवून धुतात आणि जांभ्या दगडाच्या कातळावर पसरतात. वैशाखातला कातळ इतका तापतो की सकाळी घातलेली गोधडी दुपारी उलटली की संध्याकाळी खडखडीत वाळते. ढेकूण-पिसवांवरही हाच उपाय होता. त्या दिवसांत गावाबाहेरचा काळा कातळ रंगीबेरंगी चौकोनांनी भरून जाई. गोधड्यांचे प्रदर्शन म्हणावे असे काही त्या काळी असेल तर ते एवढेच.

या जिल्ह्याच्या गोधडीचा मुंबईच्या कापड गिरण्यांशी जवळचा संबंध आहे. मुंबईतील पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी स्थापन केली. पुढे गिरण्या वाढत गेल्या तसे तेव्हाच्या अखंड रत्नागिरी जिल्ह्यातून (आजचा सिंधुदुर्ग त्यातच होता, १९८१ मध्ये तो वेगळा झाला) हजारो माणसे गिरणगावात गेली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गिरणी कामगारांत या जिल्ह्यातल्यांची संख्या सर्वाधिक होती. एका खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपत, तेथे खाट असणे शक्यच नव्हते. प्रत्येकाची वळकटी तेवढी स्वतःची. त्या वळकटीतली गोधडी गावी आईने किंवा बायकोने शिवलेली असे. उलट दिशेने, गणपतीला किंवा शिमग्याला येणारा चाकरमानी गिरणीचे कापड गावी आणी, आणि ते वापरून जुने झाले की पुन्हा गोधडीत जाई. मुंबईत विणलेले कापड कोकणात शिवून पुन्हा मुंबईत अंथरले जाण्याचा हा फेरा कित्येक दशके चालू होता. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि हा फेराही थांबला. संपाचा इतिहास लिहिताना कामगारांच्या वळकटीचा विचार कोणी फारसा केलेला नाही.

दुपटे आणि फुलांचे भरतकाम

मोठ्या गोधडीवर सहसा भरतकाम नसते. ते रोजच्या वापरात टिकत नाही आणि अंगाला टोचते. भरतकामाची हौस पुरवली गेली ती दुपट्यावर. तान्ह्या मुलाला प्रथम जुने कापड घालण्याची रीत महाराष्ट्रभर आहे. आजीचे लुगडे किंवा आजोबांचे धोतर धुऊन धुऊन लोण्यासारखे मऊ झालेले असते आणि तेच बाळाच्या कातडीला मानवते. दोन-तीन पदरांच्या दुपट्याला रंगीत गोट लावून मधोमध किंवा कोपऱ्यांत फुले, पाने, राघू, मोर किंवा कोयरी भरतात. कुंचीच्या मागच्या झालरीवरही असेच काम असते.

यातले टाके मात्र गोधडीच्या परंपरेतले नाहीत. देठाचा टाका, साखळी टाका, गाठीचा टाका, लेझी-डेझी, काश्मिरी टाका आणि दुसुतीवरचे काम ही सारी शिदोरी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुलींच्या शाळा, मिशनऱ्यांचे शिवणवर्ग आणि नंतर स्त्रीशिक्षणाच्या संस्था यांतून घरोघर गेली. साखळी टाका आणि काश्मिरी काम भारतात फार जुने आहे, पण कोकणातल्या मध्यमवर्गीय घरांत ते आले या मार्गाने. रमाबाई रानडे यांनी वाढवलेल्या पुणे सेवासदनात (स्थापना १९०९) शिवणकाम व भरतकाम हे विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांच्या पोटापाण्याचे साधन म्हणूनही शिकवले जाई. शाळेत शिवणाच्या तासाला मुली रुमालाच्या चार कोपऱ्यांत चार टाक्यांचे नमुने भरत. असे रुमाल अजूनही अनेक घरांच्या पेट्यांत जपलेले असतात. त्याच मुलींनी पुढे शिवलेल्या गोधड्या मात्र नसतात.

लाकडी रिंग, अँकरचे रंगीत दोरे आणि निळा कार्बन कागद ही या कामाची साधने. छापील नमुन्यांतली फुले बहुधा गुलाब, पॅन्सी, डेझी अशी विलायती बागेतली असत. रत्नागिरीच्या स्त्रिया वेणीत सुरंगी, बकुळ, सोनचाफा माळत आणि दुपट्यावर भरत मात्र पॅन्सी, जी त्यांच्यापैकी बहुतेकींनी कधी पाहिलेलीही नसे. सुरंगीचा गजरा भरण्यास अवघड आहे हे खरे, पण सोनचाफ्याच्या लांबट पाकळ्या लेझी-डेझीच्या टाक्यासाठीच घडवल्यासारख्या आहेत. नमुना छापणाऱ्याला ते सुचले नाही एवढेच.

क्रेझी क्विल्टशी तुलना

विलायती नमुन्यांचे हे वळण ज्या काळातले, त्याच काळातली क्रेझी क्विल्टची लाट. १८७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याची शंभर वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त फिलाडेल्फिया येथे जागतिक प्रदर्शन भरले. तेथील जपानी दालनातल्या वस्तूंनी प्रेक्षकांना भुरळ घातली. समतोल टाळणारी मांडणी आणि झिलईवर मुद्दाम आणलेल्या बारीक तड्यांची भांडी हे सारे त्यांना नवे होते. इंग्लंडच्या राजाश्रित भरतकाम विद्यालयाचे कामही तेथे मांडले होते. या दोहोंच्या प्रभावातून वेडेवाकडे तुकडे जोडून त्यांवर भरगच्च भरतकाम करण्याची लाट उसळली आणि १८८० च्या दशकात ती शिगेस पोहोचली. ‘क्रेझी’ या शब्दात वेडेपणाबरोबरच भांड्यांवरच्या त्या तड्यांचाही अर्थ आहे, असे मानले जाते. मराठी वाचकाला काळाची खूण हवी असल्यास, आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेस पोहोचल्या आणि १८८६ मध्ये त्याच फिलाडेल्फियातील महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. म्हणजे या लाटेच्या ऐन भरात त्या तेथे होत्या.

क्रेझी क्विल्टमध्ये रेशीम, मखमल, किनखाब यांचे लहानमोठे तुकडे एका साध्या सुती कापडावर मनास येईल तसे बसवतात. प्रत्येक जोडावर पिसासारख्या, माशाच्या काट्यासारख्या किंवा काजाच्या टाक्यांनी रेशमी दोऱ्याची नक्षी काढतात. तुकड्यांच्या मध्यभागी गुलाब, लिली, सूर्यफूल, पॅन्सी, पंखा, घुबड, मोर, कोळ्याचे जाळे अशी चित्रे भरतात. फिती आणि गोंड्यांसारखे दोरे वापरून फुलांना उठाव देतात. कोपऱ्यात नावाची आद्याक्षरे आणि साल असते. तुकड्यांसाठी जुने कपडे असत तसेच रेशमाच्या कारखान्यांनी मुद्दाम विकायला काढलेल्या तुकड्यांच्या पुड्याही असत. मध्ये कापूस बहुधा नसतो आणि थर एकमेकांत शिवून घेतलेलेही नसतात. मागचे अस्तर जागोजाग गाठींनी बांधलेले असते. ती पांघरण्यासाठी नव्हतीच. दिवाणखान्यातल्या कोचावर किंवा पियानोवर ती टाकली जाई.

म्हणजे गोधडीत जो दोरा थर बांधतो तोच नक्षी होतो. क्रेझी क्विल्टमध्ये दोरा केवळ वरच्या पृष्ठभागावर खेळतो. गोधडीतले तुकडे गरजेने लहान झालेले असतात, क्रेझी क्विल्टमधले हौसेने लहान केलेले. यावरून एक श्रेष्ठ आणि दुसरी कनिष्ठ ठरत नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयात टॅमर नॉर्थ या स्त्रीने सुमारे १८७७ मध्ये केलेली एक क्रेझी क्विल्ट आहे. आपल्या एकुलत्या एक मुलीच्या मृत्यूनंतर तिच्याच कपड्यांतून तिने ती केली, असे मानले जाते. आजीच्या मागे तिच्या लुगड्यांची गोधडी शिवून घेणाऱ्या कोणत्याही मराठी घराला हे वेगळे सांगावे लागणार नाही.

टिकाऊपणाच्या बाबतीत मात्र काळाने अनपेक्षित न्याय केला आहे. त्या काळी रेशमाला वजन आणि सळसळ यावी म्हणून त्यावर कथिलासारख्या धातूंच्या क्षारांची प्रक्रिया करीत. असे रेशीम न वापरता कपाटात ठेवले तरी आपोआप तडकून उभे फाटते. कित्येक क्रेझी क्विल्टांत आज भरलेली फुले शाबूत आहेत आणि त्यांखालचे रेशीम गळून गेले आहे. गोधडी वापरून संपते, क्रेझी क्विल्ट जपूनही संपते.

इतर प्रांतांतील नातलग

बंगालची कांथा, बिहारची सुजनी, सिंध-कच्छ-सौराष्ट्रातली रल्ली आणि उत्तर कर्नाटकातली कौदी ही गोधडीची निकटची नाती होत. कांथेत धावदोऱ्यानेच चित्रे भरली जातात, रल्लीत कातरलेल्या कापडाची भौमितिक नक्षी प्रमुख असते. जपानमध्ये गरीब शेतकरी-कोळ्यांनी ठिगळांवर ठिगळे लावून वापरलेल्या ‘बोरो’ कपड्यांची जातकुळीही हीच.

मराठी वाचकाला सर्वांत जवळची वाटेल ती उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागांतल्या सिद्दी समाजाची कवंद. आफ्रिकी वंशाच्या या समाजाच्या बोलीवर कोकणी-मराठीची दाट छाया आहे. कवंदही काठाकडून मध्याकडे शिवली जाते. तिच्या चारी कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडाची त्रिकोणी टोके लावतात आणि त्यांना ‘फुला’ म्हणतात. ती नसतील तर गोधडी उघडी राहिली, असे सिद्दी स्त्रिया मानतात. कोकणी गोधडीला फूल नसते, येथे मात्र तेच तिला पूर्णत्व देते.

धर्म आणि साहित्य

टाकून दिलेल्या चिंध्यांचे वस्त्र हे भारतीय परंपरेत विरक्तीचे चिन्ह आहे. बौद्ध भिक्षूंचे चीवर तुकडे जोडून शिवलेले असते. मगध देशातील भातशेतीच्या बांधांसारखी त्याची रचना असावी, असे बुद्धांनी आनंदास सांगितल्याचे विनयपिटकात आले आहे. नाथपंथी योग्यांच्या वेषात कंथा असते. कर्जत (जि. अहिल्यानगर) येथील संत गोदड महाराजांचे नाव गोदडीवरून पडल्याचे सांगतात. संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) अंगावर चिंध्यांचे वस्त्र घेत, म्हणून काही भागांत लोक त्यांना गोधडे महाराज किंवा चिंधेबुवा म्हणत. कैलास दौंड यांची ‘गोधडी’ ही कविता बालभारतीच्या पाठ्यपुस्तकात होती, त्यामुळे ज्यांच्या घरी गोधडी उरलेली नाही अशा मुलांनाही हा शब्द ठाऊक आहे.

सद्यस्थिती

गोधडी मागे पडण्याची कारणे सांगताना गाद्या आणि गिरणीची ब्लँकेटे यांचा उल्लेख होतो. त्याहून मूलभूत कारण कच्च्या मालाचे आहे. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत रोजच्या वापरातले सुती लुगडे जाऊन पाचवारी व कृत्रिम धाग्याची साडी आली, आणि नंतर साडीच रोजच्या वापरातून गेली. नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे कापड घाम शोषत नाही, थर एकमेकांवरून घसरतात, आणि जुने झाले तरी ते मऊ होत नाही. मऊ होण्यासाठी कापडाला झिजावे लागते, आणि हे कापड झिजत नाही. गोधडी शिवणाऱ्या हातांपेक्षा गोधडीला लागणारे जुने लुगडे आधी नाहीसे झाले आहे.

पूर्वी दारोदार येऊन गोधड्या शिवून देणाऱ्या बायका असत. आता त्यांच्या जागी शहरांच्या रस्त्याकडेला शिलाईयंत्रे मांडून, गिऱ्हाईकाने आणलेल्या साड्यांची तासाभरात गोधडी करून देणारे कारागीर दिसतात. यंत्राची टीप घट्ट आणि सलग असते. हाताच्या धावदोऱ्यात जो थोडा सैलपणा असतो, ज्यामुळे गोधडी अंगाभोवती पडते, तो तिच्यात येत नाही. दुसरीकडे बचत गट आणि काही उद्योजक नव्या सुती कापडाच्या, हाताने शिवलेल्या गोधड्या शहरी आणि परदेशी गिऱ्हाइकांना विकतात. अशा गोधडीत शिवणारीला किंमत मिळते, हे महत्त्वाचे. पण काही विक्रेते यंत्राने जोडलेल्या छापील तुकड्यांना ‘क्रेझी क्विल्ट’ आणि ‘पारंपरिक गोधडी’ अशी दोन्ही नावे एकाच वेळी देतात. वर सांगितल्याप्रमाणे ती यांपैकी एकही नसते.

अभ्यासाच्या दृष्टीने गीता खंडेलवाल यांचे महाराष्ट्रातील गोधड्यांवरचे इंग्रजी पुस्तक (२०१३) आणि पॅट्रिक फिन यांचे भारतीय क्विल्टांवरचे पुस्तक (२०१४) महत्त्वाची आहेत. मराठीत लोकसंस्कृतीवर विपुल लेखन झाले आहे. ओव्या, उखाणे, रांगोळ्या, व्रते यांची संकलने आहेत. गोधडीच्या वाट्याला त्यात बहुतेक ललित लेखच आले.

निगा आणि जतन

वापरातली सुती गोधडी भिजवून, हलक्या हाताने धुऊन आडवी पसरून वाळवावी. ओली असताना दोरीवर टांगल्यास पाण्याच्या भाराने धावदोरे तुटतात. घरगुती धुलाई यंत्रात जाड गोधडी घालू नये. ठेवताना ती पूर्ण कोरडी असावी. कोकणात पावसाळ्यानंतर, दसऱ्याच्या सुमारास, एकदा ऊन दाखवणे आवश्यक असते. प्लॅस्टिकच्या पिशवीत न ठेवता धुतलेल्या सुती कापडात गुंडाळावी आणि मधूनमधून घड्या बदलाव्यात. घडीच्या रेषेवर कापड आधी विरते.

जुन्या गोधडीला भोक पडल्यास त्यावर तशाच जुन्या सुती कापडाचे ठिगळ लावावे. नवे, जाड कापड आजूबाजूचे विरलेले कापड ओढून फाडते. भरतकाम असलेले दुपटे उलट्या बाजूने इस्त्री करावे, आणि रंग जाण्याचा संशय असल्यास आधी दोऱ्याचे एक टोक ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसून पाहावे.

घरात अशी गोधडी असेल तर पांढऱ्या सुती पट्टीवर शिवणारीचे नाव, गाव, साधारण साल आणि कोणकोणाच्या कपड्यांतून ती झाली हे न जाणाऱ्या शाईने लिहून ती पट्टी मागच्या बाजूस चार टाक्यांनी टाचावी. कोणते लुगडे कोणाचे हे ओळखणारे माणूस घरात असेपर्यंतच हे करता येते.